कायद्याचे राज्य

राज्यकारभार कोणा एकाच्या मर्जीने न चालता आधी जाहीर झालेल्या कायद्यांप्रमाणे चालावा, आणि कायदे करणारे व राबवणारेही त्याच कायद्यांनी बांधलेले असावेत, ही संविधानात्मक शासनाची मूळ अट. भारतीय संविधानात ती अनुच्छेद १४ मध्ये कायद्यापुढील समानतेच्या रूपाने आली आहे. मुलांना हा विषय शिकवताना बहुतेकदा ‘नियम पाळा’ एवढ्यावर आटोपले जाते आणि नेमका महत्त्वाचा भाग राहून जातो. नियम तर राजाची प्रजाही पाळत असे. मुलांना पटायला हवे ते असे : बॅट ज्याची, त्याचा त्रिफळा उडाला तर त्यानेही बाहेर जायचे, आणि तो बाद आहे की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे नाही.

१९७१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीतून लोकसभेवर निवडून आल्या. पराभूत उमेदवार राजनारायण न्यायालयात गेले. त्यांचे बरेच आरोप टिकले नाहीत. पण प्रचारसभांची व्यासपीठे उभारण्यासाठी आणि ध्वनिक्षेपकांच्या विजेसाठी सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेतली गेली, तसेच सरकारी नोकरीत असलेल्या एका अधिकाऱ्याला प्रचाराच्या कामाला लावले गेले, हे न्यायालयाने ग्राह्य धरले. पंतप्रधानांनी स्वतः अलाहाबाद उच्च न्यायालयात येऊन साक्ष दिली. १२ जून १९७५ रोजी न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द ठरवली. एवढ्याशा कारणावरून पंतप्रधानांची निवड रद्द करावी का, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि आजही घेतला जातो. पण ज्या कारणाने साध्या उमेदवाराची निवड रद्द होते, ते कारण उमेदवार मोठा म्हणून लहान होत नाही.

याहून अवघड आक्षेप पुढचा आहे. महिनाअखेरीआधीच आणीबाणी लागू झाली. निवडणूक कायदा मागच्या तारखेपासून बदलण्यात आला, आणि पंतप्रधानांची निवडणूक वैधच आहे, असे ३९ व्या घटनादुरुस्तीत लिहिले गेले. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्तीतील ते कलम रद्द केले. एका विशिष्ट वादाचा निकाल कोणताही कायदा न लावता संसदेने स्वतःच द्यावा, हे त्याला मान्य झाले नाही. तरीही बदललेल्या कायद्याच्या आधारे निवडणूक कायम राहिली. १९७६ मध्ये तर बेकायदा अटकेविरुद्ध आणीबाणीत दाद मागता येणार नाही, असे पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवले; न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात गेले. मग हे तत्त्व केवळ कागदावरचेच का? हा भाग मुलांपासून लपवू नये, कारण हे तत्त्व आपोआप टिकत नाही, ते माणसांना टिकवावे लागते, हे त्यातूनच कळते. १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क न्यायालयात मागता येईल, अशी तरतूद केली. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा आपलाच निकाल चुकीचा ठरवला.