'काय' म्हणायचं कसं?

राज्य ज्याचं, भाषा त्याची, असं आपण सहसा धरून चालतो. ॲड्रिॲटिक समुद्राचा पूर्व किनारा वेगळंच सांगतो. दुब्रोव्निक सोडलं, तर बहुतेक दाल्मेशिया १४२० ते १७९७ व्हेनिसच्या ताब्यात होता. तरी स्प्लिटच्या मार्को मारुलिच यांनी १५०१ मध्ये 'युदिता' हे महाकाव्य क्रोएशियन भाषेत लिहिलं. १५२१ मध्ये ते छापलं कुठं? खुद्द व्हेनिसमध्ये!

आता ही क्रोएशियन कुठली? त्या किनाऱ्यावरची. तिथं 'काय'ला 'चा' म्हणत, म्हणून ती चाकावियन. दुब्रोव्निकला आणि तिथून आतल्या मुलखात 'श्तो', म्हणून श्तोकावियन. आणि झाग्रेबकडे चक्क आपल्यासारखं 'काय'!

एकोणिसाव्या शतकात ल्युदेवित गाय यांच्या इलिरियन चळवळीनं सगळ्यांसाठी श्तोकावियन निवडली. घरी 'काय' म्हणणाऱ्यांनी लिहिताना 'श्तो' पत्करलं. विखुरलेले प्रांत त्यामुळे एका भाषेत बोलू लागले, हा लाभ मोठाच. पण मारुलिच यांची काव्यभाषा आता 'बोली' ठरली. प्रमाणभाषेचा इतिहास सांगताना हा दुसरा हिशेबही आपण मांडायला हवा.