राखणदाराला मारायचं नसतं

आपण हातखंब्याला, रत्नागिरीच्या फाट्यावर जमलो आहोत. तेव्हा वाट अडवणाऱ्या राखणदाराबद्दलच बोलू. २०२० साली पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘हेडीस’ या व्हिडिओ गेममध्ये पाताळाच्या दारात तीन डोक्यांचा कुत्रा आहे, सर्बेरस. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने त्याला पन्नास डोकी दिली होती. पुढे तीन रूढ झाली. गेममध्ये वाट अडवणाऱ्या बाकीच्यांशी लढावं लागतं, याला मात्र खाऊ द्यायचा, की तो वाट सोडतो. रोमन कवी व्हर्जिलकडेही मधाची, गुंगीची वडी टाकूनच पुढे जाता येतं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे वाट राखतात. मृताला त्यांच्याच हाती सोपव, अशी यमाला विनंती आहे. आणि कोकणात आपण राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतो.

म्हणून ग्रीकांनी हे आपल्याकडून नेलं, असं लगेच म्हणू नये. दारात कुत्रं राखणाऱ्या कुठल्याही समाजाला हे सुचू शकतं. साम्य एवढंच, की हद्द मान देऊन ओलांडायची असते. इतिहास वाचताना आपणही तेवढा धीर धरायला हवा.