गाडी थांबली म्हणून बाजार बसला

आजचा भाग लोणावळ्याच्या बाजाराबद्दल. चिक्की, फज, भाजलेलं कणीस, कांदाभजी, आणि शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही! साधारण समजूत अशी की हवा छान, म्हणून लोक आले, आणि लोक आले म्हणून दुकानं आली. मला वाटतं, गोष्ट हवेच्या आधी घाटापासून सुरू होते. बोरघाट चढून आलेल्याला इथे थांबावंच लागायचं.

हे थांबणं किती जुनं? लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याची लेणी बघा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तिथे लेख आहे. वलूरक लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचं गाव दान दिलं. म्हणजे मावळात पावसाळी मुक्काम आणि जेवणाची सोय, साधारण १९०० वर्षांपूर्वी! तिथल्याच सातवाहनांच्या लेखात ‘मामाल’ हे नाव येतं. तेच आपलं मावळ.

आता थेट इंग्रजांच्या काळात येऊ. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटात चाकांच्या गाड्या चालतील असा रस्ता खुला केला. मग रेल्वे आली, पण तुकड्यातुकड्यांत. १८५६ ला खालून रूळ खोपोलीपर्यंत पोचले, १८५८ ला वरून पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. आणि मधला घाट? तो पालखीतून, तट्टावरून, नाहीतर बैलगाडीतून. जवळजवळ पाच वर्षं मुंबई-पुणे प्रवास असा होता: गाडीतून उतरा, डोंगर चढा, पुन्हा गाडीत बसा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॉटलनेक म्हणतो. बॉटलनेकपाशी रांग लागते आणि रांगेतल्या माणसाला भूक लागते.

तो मधला तुकडा जोडायची किंमत मात्र भयंकर होती. १८६१ च्या सुमारास घाटात ४० हजारांच्या वर मजूर काम करत होते. उतारावर झोपड्या, पावसाळ्यात चिखल, त्यात पटकी. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेऊन काम पुढे नेलं. तिचं नाव इतिहासात राहिलं. बोगद्यांत सुरुंग लावणाऱ्यांची नावं कुठल्याही कमानीवर नाहीत. घाटातून जाताना माझ्या डोक्यात तेच येतं.

२१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला. २५ बोगदे, आणि चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं: गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने चढायची. १९२९ पर्यंत हेच चाललं. वर लोणावळ्याला इंजिनांची शेड, रेल्वेची वस्ती, आणि वस्ती म्हटली की बाजार. गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी रेल्वेच्या कामगारांना विकता विकता चिक्कीचा धंदा उभा राहिला, असं लोणावळ्यात सांगतात. पटण्यासारखं आहे. स्वस्त, टिकाऊ, खिशात मावते आणि पोटाला आधार देते.

घाटाच्या खालच्या टोकाचंही तेच. पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला कर्जतला बँकर इंजिन लागतं, तेवढ्यात आपण वडापाव घेतो. कर्जतचा वडा प्रसिद्ध होण्यात त्या इंजिनाचा वाटा मोठा आहे!

पुण्याहून जायचं असेल तर माझं मत लोकललाच. पुणे-लोणावळा ६४ किलोमीटर, आणि ही लोकल १९७८ पासून धावते आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की बाजार चालत गाठता येतो, म्हणून मुक्कामही स्टेशनच्या आसपासच करावा. तुंगार्लीकडचे बंगले झकास आहेत, पण रात्री जेवायला निघालात की गाडी काढा, कोंडीत अडका, पार्किंग शोधा. फक्त एक आहे: एकटा मुलगा दिसला की काही लॉजवाले खोलीच नाही म्हणतात. मला दोन ठिकाणी हे ऐकावं लागलं.

पण आता थांबणंच कमी होत चाललंय. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि खाणं फूड मॉलमध्ये गेलं. चिक्की तिथेही मिळते म्हणा. २०२३ मध्ये आलेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. एक्सप्रेसवेचा ‘मिसिंग लिंक’ खोपोली ते कुसगाव असा जवळजवळ १३ किलोमीटरचा, आणि त्याचा बोगदा चक्क लोणावळा तलावाखालून. त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर लोणावळा असणार, आणि त्याला ते कळणारही नाही. तासन्‌तास कोंडीत अडकणाऱ्याला ही सुटका हवीच आहे, मलाही हवी आहे. पण ज्या दुकानदाराचं गिऱ्हाईक ‘जाता जाता’ येणारं आहे, त्याला यापुढे मुद्दाम येणाऱ्यांवर धंदा करावा लागेल. शनिवार-रविवारी ते जमेलही. मंगळवारी दुपारी काय, हे एकदा त्या बाजारात उभं राहून विचारा.

पुढच्या भागात थळ घाट चढून इगतपुरीला जाऊ.