आगीत होरपळलेलं जुनं घर : कोणतं लाकूड ठेवायचं, कोणतं बदलायचं?

डहाणू, तलासरी : दोन्ही तालुक्यांत पाड्यांवर आजही कुडाच्या भिंती, लाकडी खांब आणि कौलांची घरं आहेत. अशा घराला आग लागली की एकतर काळं पडलेलं सगळं लाकूड फेकलं जातं, नाहीतर वरून चुना मारून तसंच ठेवलं जातं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसराने भूकंपाचे धक्के सोसलेत. इथे कमजोर खांब ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आधी पंचनामा : तलाठ्याला कळवा, फोटो काढा. पंचनाम्याआधी जळकं सामान हलवू नका. मेन स्विच बंद ठेवा, जळालेली वायर पूर्ण बदला.

मग टेकू : लगेच छपरावर चढू नका. आढं आणि वाशांना खालून टेकू द्या. मग दोन्ही पाख्यांवरची कौलं सारखी-सारखी उतरवा, म्हणजे वजन एका बाजूला येत नाही.

लाकूड तपासा : लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलीमीटर जळत आत जातं. म्हणजे अर्ध्या तासात साधारण १५ ते २२ मिमी. कोळशाखालचं लाकूड बऱ्याचदा चांगलं असतं. पटाशीने कोळसा खरवडा, घट्ट, मूळ रंगाचं लाकूड लागेपर्यंत. मग उरलेली जाडी मोजा. ४ बाय ६ इंची तुळई चारी बाजूंनी अर्धा इंच जळाली, तर तिची ताकद जवळपास निम्मी होते.

काय करायचं : नुसती काजळी असेल तर घासून, धुऊन, नीट सुकवून लाकूड ठेवा. वासा थोडा जळला असेल तर शेजारी तेवढ्याच लांबीचा नवा वासा लावून नट-बोल्टने जोडा. नुसत्या खिळ्यांवर भागवू नका. आढं किंवा मुख्य खांब बारीक झाला असेल तर बदलाच. खांब-तुळईच्या खाचा जळून सैल होतात, तिथे लोखंडी पट्टी मारा. शंका असेल तर जाणत्या सुताराला किंवा इंजिनिअरला दाखवा.

नवं लाकूड : साग, खैर, ऐन स्वतःच्या बांधावरचा असला तरी तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. मोडलेल्या जुन्या घराचं सागवान मिळालं तर उत्तम, पण आधी वाळवी लागलेली नाही ना, ते पाहा.