गलबत मोडण्याआधी

मराठी आरमाराची गोष्ट निघाली की गुराब आणि गलबत हे दोन शब्द आपल्या तोंडी हमखास येतात. मी कोकणातल्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी कान्होजी आंग्र्यांचा धडा यायचा आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचं, ‘गुरुजी, गुराब दिसायची कशी?’ त्यावर फळ्यावर खडूने काहीतरी रेघोट्या ओढायच्या आणि पुढे सरकायचं, एवढंच माझ्या हाती असायचं.

खरं तर गुराब कशी होती हे आपल्याला कळतं ते बरंचसं आपल्या शत्रूंच्या लिखाणातून. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला इतिहासकार. त्याने लिहून ठेवलं आहे की गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन काठ्यांची दीडशे टनांची. बूड उथळ आणि नाळ पुढे लांब निघालेली. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांवर सहसा न जाणारं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. म्हणजे त्या काळचं गलबत हे चपळ लढाऊ जहाज. पुढे तोच शब्द कौलं आणि मीठ वाहणाऱ्या शिडाच्या होड्यांना लागला. शब्द टिकला, वस्तू बदलली.

मूळ वस्तूचं काय झालं तेही ठाऊक आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचं आरमार विजयदुर्गावर चालून आलं. तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही त्यातली दुखरी गोष्ट. तोफेचा एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी कंपनीकडूनच पूर्वी जिंकून आणलेलं. त्याने पेट घेतला, ज्वाळा शेजारच्या जहाजांना लागल्या आणि एकमेकांना लागून उभं असलेलं सगळं आरमार जळून गेलं.

पण सगळा दोष आगीला देऊन चालणार नाही. लाकडी जहाज कायमचं टिकत नाहीच. टिकतो तो त्याचा आराखडा, आणि आपल्याकडे आराखडा होता तो मिस्त्रीच्या डोळ्यांत आणि हातांत. तो वीत, हात, अंगुळं मोजून बांधायचा. मुलगा बघून शिकायचा. कागदाचा संबंधच नसे.

याउलट एक उदाहरण सांगतो. ‘ट्रिंकोमाली’ नावाची इंग्रजांची युद्धनौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानात बांधली. तिचे आराखडे इंग्लंडहून १८१२ मध्ये ‘जावा’ या जहाजाने निघाले होते. वाटेत अमेरिकन नौकेशी झालेल्या लढाईत ‘जावा’ नष्ट झालं आणि आराखडेही गेले. मग काय झालं? काही नाही. तिकडून नवी प्रत पाठवली! जहाज बांधलं गेलं आणि आजही ते इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात पाण्यावर उभं आहे. आपल्या सुतारांनी बांधलेलं जहाज दोनशे वर्षांवर टिकलं, कारण ते राजाच्या आरमाराचं होतं आणि त्याची जपणूक करणारे होते. त्याच सुतारांच्या भाऊबंदांनी बांधलेल्या मालवाहू फत्तेमाऱ्यांना हे भाग्य लाभलं नाही.

फत्तेमारी हे नाव मोठं गमतीचं. पश्चिम किनाऱ्यावर ‘पत्तेमार’ म्हणजे डाक पोचवणारा जासूद, आणि तसंच नाव या शिडाच्या जहाजालाही. फत्ते आणि मारणे यांचा संबंध आपण नंतर जोडला असावा. कोकणातलं कोणतंही जुनं घर पाहा. त्याच्या छपरावरचं मंगळुरी कौल बहुतेक समुद्रमार्गेच आलेलं आहे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पाठोपाठ इतर कारखाने निघाले आणि ही कौलं शिडाच्या जहाजांतून खाडीखाडीत उतरू लागली. येताना कौलं आणि नारळ, जाताना मीठ, जळाऊ लाकूड, सुकी मासळी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हंगाम सुरू. पावसाच्या तोंडाला जहाज काठावर ओढायचं आणि चुडतांच्या झापांनी घरासारखं शाकारून ठेवायचं.

मग ट्रक आले, रस्ते झाले. काही मालकांनी इंजिनं बसवून घेतली, काहींनी जहाज काठाला लावलं ते लावलंच. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली तोवर शिडावर माल नेणं ही आजोबांच्या गोष्टींतली बाब होऊन गेली होती. आणि लाकडी जहाज पाण्यापेक्षा काठावर लवकर मरतं. पाण्यात असताना बुडाला चुना आणि तेलाचा लेप बसतो, वरच्या फळ्यांना माशाचं तेल मिळतं. हे थांबलं की उन्हाने फळ्या आकसतात, फटींतला कापूस गळून पडतो, त्यात पाऊस शिरतो.

असं एक गलबत मी २००३ च्या मे महिन्यात वाघोटण खाडीच्या काठी पाहिलं. विजयदुर्गच्या मागे गिर्ये गावाजवळ खडक फोडून केलेली आरमाराची जुनी गोदी आहे. ती बघायला गेलो होतो. तिथून थोडं आत, तिवरांच्या आडोशाला हे एका अंगावर कललेलं होतं. डोलकाठी नव्हती, शीड नव्हतं. डाव्या बाजूच्या चार-पाच फळ्या कुणी काढून नेल्या होत्या. उरलेलं लाकूड राखाडी, चांदीसारखं झालेलं, आणि प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा काळा ओघळ. मालकाच्या घरी चौकशी केली. पाऊस संपला की मोडायचं, असं ठरलं होतं. लाकूड देवगडच्या एका सुताराने मागितलं होतं.

माझ्याकडे साधा फिल्मचा कॅमेरा होता आणि छत्तीस फोटोंचे तीन रोल. पुढच्या रविवारी परत गेलो.

जुन्या होडीचा फोटो म्हटलं की सगळ्यांना मावळता सूर्य हवा असतो. तो फोटो कॅलेंडरवर शोभतो, पण त्यात होडी म्हणजे नुसती काळी सावली. तिची बांधणी त्यातून कळत नाही. एदमाँ पारिस नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी १८२६ ते १८४० च्या दरम्यान तीन जगप्रवासांत बंदरोबंदरी हिंडला आणि देशोदेशीच्या होड्यांची मोजमापं घेऊन आडवे-उभे छेद काढत बसला. त्यात आपल्या किनाऱ्याची फत्तेमारीही आहे. त्याच्या नोंदींमुळे त्या होड्यांचे नमुने पुढे पॅरिसच्या संग्रहालयात उभे राहिले. मद्रासच्या मत्स्यखात्यात अधिकारी असलेल्या जेम्स हॉर्नेलने १९२० साली हिंदी होड्यांवर असाच मोठा निबंध प्रसिद्ध केला. कॅमेरा हाती असणाऱ्याने या माणसांकडून शिकावं, असं मला वाटतं.

म्हणून मी एक बांबू घेतला आणि त्यावर फुटाफुटाला पांढरे पट्टे रंगवले. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, बांबू गलबताला टेकवायचा आणि बरोबर समोरून, बरोबर मागून, बरोबर आडव्या बाजूने फोटो घ्यायचा. जेमतेम दोन तास मिळायचे. फळ्या निघालेल्या जागेतून आतल्या बरगड्या दिसत होत्या. नेहमी झाकलेली असते ती गोष्ट उघडी पडली होती. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीची कड तिच्यात नेमकी बसवलेली. मुंबई-सुरतेकडच्या जहाजांची ही जोडणी पाहून अठराव्या शतकातले युरोपीय प्रवासी थक्क झाले होते. ती मी पुस्तकात वाचली होती, आता बोट घालून पाहिली. लांबी भरली बेचाळीस फूट.

तिथे रोज एक म्हातारे तांडेल येऊन बसायचे. तरुणपणी याच गलबतावर होते. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘‘गुरुजी, ह्येचो फोटो कित्याक काढतास? थंय नवो ट्रॉलर असा, तेचो काढा.’’ दुसऱ्या दिवशी मी वही काढून एकेका भागाचं नाव विचारू लागलो, तेव्हा मात्र ते उठून चिखलात आले. नाव सांगायचे, हात ठेवायचे, मी फोटो घ्यायचा. त्यामुळे माझ्या निम्म्या फोटोंत एक सुरकुतलेला हात आहे. फोटो धुऊन आल्यावर प्रत्येकाच्या पाठीमागे मी ती नावं शिसपेन्सिलीने लिहिली. कोकणच्या दमट हवेत निगेटिव्हवरही बुरशी चढते. ते जपणं हा एक वेगळाच उद्योग. पुढे सगळं संगणकावर चढवून घेतलं आणि प्रती तीन घरी ठेवल्या.

दिवाळीनंतर गलबत मोडलं. दोन तुळया एका घराच्या माडीला लागल्या, बाकीचं कुठे गेलं कुणास ठाऊक.

एक चित्र काय करू शकतं याचा दाखला अलीकडचाच आहे. मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज भारतीय नौदलात दाखल झालं. खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून बांधलेलं. त्या प्रकारचं जुनं जहाज कुठे शिल्लक नव्हतं, आराखडाही नव्हता. आधार काय घेतला, तर अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. त्या चित्रकाराला बांधणी दाखवायची नव्हती, तो गोष्ट सांगत होता. त्यामुळे चित्रात जे नव्हतं ते तर्काने आणि मद्रासच्या आय.आय.टी.त चाचण्या घेऊन ठरवावं लागलं. त्याने शेजारी एक बांबू उभा केला असता तर, असं माझ्यातल्या मास्तराला वाटून गेलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात होड्यांच्या प्रतिकृती करणारा मालवणकडचा एक तरुण माझ्याकडे आला. आठ दिवस फोटो घेऊन बसला. बांबूवरचे पट्टे मोजून त्याने नाळेची उंची काढली, बरगड्यांमधलं अंतर काढलं, सुकाणूचा आकार काढला. मग म्हणाला, ‘‘सर, शीड?’’ शीड तर मीही पाहिलेलं नव्हतं आणि तांडेल २००९ सालीच गेले. पण तिसऱ्या रोलमध्ये एक फोटो आहे. शेवटच्या दिवशी मी शिडाचं विचारलं, तेव्हा त्यांनी ओल्या रेतीत काटकीने ते काढून दाखवलं होतं. पुढे झुकलेली काठी, तिच्यावर तिरकी आडकाठी, आणि पुढचं टोक कापल्यासारखं तिकोनी शीड. रेघा ठसठशीत आहेत. वरच्या कोपऱ्यात भरतीचं पाणी शिरायला लागलेलं दिसतं आहे.