खर्ज, तार आणि हरवलेले व्यंजन

बेस गिटारच्या स्पीकरला ट्वीटर जोडावा की जोडू नये, हा वाद्यवादकांमधला जुना वाद आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात काय रस असावा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु हा वाद थोडा उलगडून पाहिला, तर त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याही जिव्हाळ्याचा निघतो. आवाज मोठा असणे आणि बोललेले कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची फारकत कुठे होते, हा तो प्रश्न. महाराष्ट्रातील गेल्या काही दशकांचा सार्वजनिक आवाजाचा इतिहास याच फारकतीचा इतिहास आहे, असे मला वाटते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. नादाची तीन स्थाने त्यात सांगितली आहेत : मंद्राचे हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मूर्धा. ही शरीरशास्त्राची नोंद नसली तरी अनुभवाची नोंद म्हणून ती अचूक आहे. खर्ज छातीत जाणवतो, तर तार स्वर डोक्यात वाजतो. विसाव्या शतकातील इंग्रजीभाषक अभियंत्यांनी याच दोन टोकांना कुत्र्याच्या भुंकण्यावरून 'वूफर' आणि पाखरांच्या किलबिलाटावरून 'ट्वीटर' अशी नावे दिली.

आपल्या लोकसंगीताने ही दोन टोके कधी एकमेकांपासून तोडली नाहीत. वारकऱ्यांच्या दिंडीत मृदंगाबरोबर टाळ असतोच. मृदंगाच्या धुमेला कणीक लावून खर्ज साधायचा आणि त्या भरीव नादाला टाळाच्या धातूने कड द्यायची, अशी ही योजना आहे. वळणापलीकडून येणाऱ्या दिंडीचे टाळ आधी स्पष्ट होतात, मृदंग नंतर भरतो. शाहिराच्या मागे उभा राहणारा झीलकरी उंच पट्टीत झील धरतो, ती केवळ साथ नसते. उघड्या माळावर, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचण्याची ती सोय असते. संबळाची दोन भांडी, तबल्याचा डग्गा आणि चाटू, ढोल आणि ताशा या सर्व जोड्यांमागे एकच जाण आहे. नुसत्या खर्जाला आकार नसतो आणि नुसत्या तारेला वजन नसते.

या जोडीचे सर्वांत आटोपशीर रूप विदर्भाने पाहिले ते खंजिरीत. अमरावतीहून यवतमाळकडे जाताना नेर परसोपंत लागते. हा सारा टापू राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनांच्या संस्कारातला. त्यांचे जन्मगाव यावली आणि त्यांनी स्थापन केलेला मोझरीचा गुरुकुंज आश्रम हे दोन्ही शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहेत. महाराजांच्या हातातली खंजिरी म्हणजे एका लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि त्याच कड्यात बसवलेल्या धातूच्या चकत्या. कातडे ठेका देते आणि चकत्या त्या ठेक्याची वेळ नेमकी करतात. एका हातात मावणारे हे वाद्य दोन्ही टोके सांभाळते, आणि त्यांच्या मधली सगळी जागा शब्दांसाठी मोकळी सोडते. 'ग्रामगीता' लिहिणाऱ्या माणसाने हे वाद्य निवडावे, यात मला केवळ योगायोग दिसत नाही. ज्याला लोकांना काही सांगायचे आहे, त्याला शब्दावर पांघरूण घालणारे वाद्य चालत नाही.

आता बेस गिटारकडे वळू. लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी 'बेसमन' हा पंधरा इंची स्पीकरचा अॅम्प्लिफायर दिला. या वाद्याची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. हवेतील तिच्या लाटेची लांबी आठ मीटरहून जास्त भरते. एवढी हवा हलवायची तर मोठा पडदा हवा, म्हणून मोठे स्पीकर आले. १९६९ साली अँपेग कंपनीने तीनशे वॉटचा 'एसव्हीटी' काढला. त्याच्या बॉक्समध्ये दहा इंची आठ स्पीकर होते, पण ट्वीटर एकही नव्हता. तो कोणाला हवाही नव्हता. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत वाजलेला जेम्स जेमर्सन तारांखाली फोम ठेवून आवाज मुद्दाम गडद करीत असे. बेसने मागे राहावे, गाण्याला जमीन द्यावी, एवढीच तेव्हाची अपेक्षा होती.

वादकांनी या वाद्याला बोलायला लावले, तेव्हा अडचण सुरू झाली. लॅरी ग्रॅहम अंगठ्याने तारा ठोकू लागला. गोल वळणाच्या लखलखीत तारा आल्या. १९७६ साली जॅको पास्टोरियसच्या पहिल्या तबकडीवर या वाद्यातून घंटेसारखे अतितार स्वर उमटले. हे सारे मोठ्या स्पीकरच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याला दोन कारणे आहेत. जड पडदा वेगाने हलू शकत नाही, हे पहिले. दुसरे कारण असे की, आवाजाच्या लाटेची लांबी स्पीकरच्या व्यासाहून कमी झाली की तो आवाज पसरत नाही, विजेरीच्या झोतासारखा समोरच जातो. पंधरा इंची स्पीकरच्या बाबतीत हे हजार हर्ट्झच्या आसपासच सुरू होते. समोर उभ्या असलेल्याला सगळे ऐकू येते, बाजूला बसलेल्याला नुसता घुमारा. म्हणून छोट्या पडद्याचा स्वतंत्र स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बॉक्समध्ये आला. १९८० च्या दशकात एसडब्ल्यूआर कंपनीने दहा इंची चार स्पीकरांबरोबर ट्वीटर असलेला 'गोलायथ' काढला. पुढे ही रचना सर्वत्र रुळली.

तरीही ट्वीटर नको म्हणणारे होते आणि आजही आहेत. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. ट्वीटर बोटांची खरखर, तारेचे घासणे, यंत्राची सुसकारी हे सारे उघडे पाडतो. अनेक बॉक्सना ट्वीटरचा आवाज कमी करण्याचे बटण असते ते त्यासाठीच. स्पष्टता आली की दोषही स्पष्ट होतात. गद्य लिहिणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नसावा.

येथे भाषेचा संबंध येतो. मानवी आवाजातली बहुतांश ताकद हजार हर्ट्झच्या खाली, म्हणजे स्वरांमध्ये असते. अर्थ कळण्यासाठी लागणारी बहुतांश खूण मात्र त्याच्या वर, व्यंजनांमध्ये असते. स, श, च, ट यांचे घर्षण आणि स्फोट काही हजार हर्ट्झच्या प्रदेशात घडतात. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेई. म्हणून त्यावर नाव सांगताना 'फ फणसातला, स सशातला' असे फोड करून सांगावे लागे. मराठीपुरते बोलायचे तर 'जग' हा शब्द घ्यावा. 'हे जग' आणि 'तू जग' यांतला ज लिहिताना सारखा, पण उच्चारात वेगळा. विश्व आणि जगण्याची आज्ञा यांतला हा फरक केवळ वरच्या कंपनांतल्या घर्षणाचा आहे. वरचा पट्टा काढून घेतला तर दोन्ही 'जग' एक होतात. आपल्या व्याकरणपरंपरेत स्वर स्वयंपूर्ण आणि व्यंजन परावलंबी मानले आहे. ध्वनिक्षेपणाच्या बाबतीत हे वर्गीकरण वेगळ्या अर्थाने खरे ठरते. स्वर कुठूनही पोचतो, व्यंजनाला पोचवावे लागते.

ध्वनिवर्धकाचा जन्म झाला तोच व्यंजन पोचवण्यासाठी. जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात कर्ण्याचा ध्वनिवर्धक सिद्ध केला. १९१९ मध्ये सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण त्यातून सुमारे पन्नास हजार लोकांना ऐकवण्यात आले. हाच कर्णा पुढे आपल्या गावोगावी 'भोंगा' झाला. बिछायत केंद्रातून तो भाड्याने मिळे, लिंबाच्या फांदीला नाही तर बैलगाडीच्या साटीला बांधला जाई. भोंग्यात खर्ज जवळजवळ नसतोच. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली त्याला फारसे काही साधत नाही. त्याचा आवाज कर्कश आणि अनुनासिक होता, पण शब्द कळत असे. प्रचारसभा, कीर्तन, भीमजयंतीचा जलसा, तमाशाची दवंडी यांतले शब्द अर्ध्या कोसावर पोचत.

त्याच काळात गावातला दुसरा स्पीकर होता ट्रान्झिस्टरचा, तीन-चार इंचांचा. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस गिटार वाजत असे, तो ग्रामीण श्रोत्याने ऐकला तो या चिमुकल्या पडद्यावरून. प्रत्यक्षात त्या यंत्रातून मूळ खर्ज बाहेर पडतच नव्हता, बाहेर पडत होती ती त्याची वरची उपकंपने. ती एका विशिष्ट अंतराने ऐकू आली की मेंदू न वाजलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. म्हणजे वरचे सांभाळले तर खालचे काही अंशी परत मिळवता येते. याच्या उलट मात्र घडत नाही. खर्जावरून कोणताही मेंदू व्यंजन खात्रीने रचू शकत नाही.

म्हणून मला हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. बेस गिटारचा बॉक्स खर्जापासून निघाला आणि तारेकडे गेला. आपला सार्वजनिक ध्वनिवर्धक तारेपासून निघाला आणि खर्जाकडे गेला. कॅसेट आणि सीडीच्या काळानंतर मिरवणुकांत मोठे वूफर आले, मग त्यांच्या भिंती झाल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, आपल्याकडे 'डीजे', तर नागपूरकडे वाहनावर चढलेले 'धुमाल' निघते. यांतल्या पहिल्या नावात इतिहासाने विनोद केला आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातला गोंगाट कमी करण्यासाठी. त्यांचेच नाव महाराष्ट्रात गोंगाटाचे सामान्यनाम झाले.

या भिंतींत ट्वीटर नसतात असे नाही, भरपूर असतात. पण ते टिकत नाहीत, आणि न टिकण्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर बसवतात. तो खालची कंपने अडवतो आणि फक्त वरची आत सोडतो. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर ही सीमा सुमारे ४२०० हर्ट्झवर पडते. नेहमीच्या संगीतात या सीमेच्या वर ताकद थोडी असते, म्हणून ट्वीटरची तार केसासारखी बारीक असली तरी चालते. पण अॅम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणला की त्याच्या लाटांचे माथे छाटले जातात. त्या छाटलेल्या कडांतून मुळात नसलेली वरची कंपने निर्माण होतात. ती कपॅसिटर ओलांडून आत शिरतात आणि ती बारीक तार तापून जळते. वूफरला काही होत नाही. अधिक मोठ्या आवाजाच्या हव्यासाचा पहिला बळी असा नेहमी ट्वीटरच असतो. रात्र चढत जाते तसे एकेक ट्वीटर गप्प होतात. बाहेरून आवाज तेवढाच राहतो, फक्त शब्द नाहीसे होतात.

कायद्यानेही या फरकाकडे पाठ फिरवली आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी झाली, आणि १८ जुलै २००५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी आहे. मात्र हे मोजमाप 'ए' भारांकनाने होते. त्यात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे तीस डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे ज्या धडाक्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते, तो मापकाच्या आकड्यात फारसा उतरत नाही. त्यात पुरेपूर उतरतो तो भोंग्यातून येणारा माणसाचा शब्द. कायद्याचा हेतू निश्चितच योग्य आहे. पण त्याचा कान माणसाच्या छातीला ऐकत नाही.

यावर कोणी म्हणेल की मिरवणूक नाचण्यासाठी असते, तिथे शब्द कोणाला हवा? हा आक्षेप मला गंभीर वाटतो. खर्जाचा आनंद खोटा नाही. शेकडो माणसांची शरीरे एका ठोक्यावर बांधण्याचे सामर्थ्य त्यात आहे, आणि वर्षानुवर्षे ज्यांना रस्त्याच्या मधून चालू दिले गेले नाही त्यांच्यासाठी त्या ठोक्याचे मोल वेगळेच आहे. परंतु वामनदादा कर्डकांची भीमगीते आणि तुकडोजी महाराजांची भजने याच भिंतींवरून वाजतात, तेव्हा प्रश्न बदलतो. ती रचली गेली ती सांगण्यासाठी. ज्या गीतातला शब्द ऐकू येत नाही, त्या गीताची फक्त जयंती साजरी होते. ठोका शिल्लक राहतो आणि युक्तिवाद हरवतो. लोकसाहित्याचा अभ्यास आपण बहुधा छापील संहितेवरून करतो आणि गीत लोकांपर्यंत पोचले असे गृहीत धरतो. ते कोणत्या यंत्रातून पोचले, त्यातली कोणती अक्षरे वाटेत गळाली, ही नोंद आपल्या अभ्यासात जवळजवळ नाही. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाने संहितेइतकाच स्पीकरही तपासायला हवा.

हे काम कठीण नाही. नेरसारख्या कोणत्याही तालुक्याच्या गावी साऊंड सर्व्हिस चालवणाऱ्या कारागिराला कपॅसिटर, कॉइल, ट्वीटरचा जोर वूफरशी जुळवणे या गोष्टी तोंडपाठ असतात. ट्वीटर वूफरपेक्षा सहज मोठा बोलतो, म्हणून त्याला रोधक लावून आवरावे लागते, नाही तर कान किटतात, हेही त्याला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की गिऱ्हाईक शब्दासाठीही पैसे मोजायला तयार आहे. तशी मागणी आजवर त्याच्याकडे फारशी कोणी केलेली नाही. ती करणे हे ज्यांचा व्यवसायच शब्द आहे त्यांचे काम आहे. खंजिरीच्या कड्यात चकत्या बसवणाऱ्या अनाम कारागिराला कपॅसिटरचे गणित येत नव्हते. कातड्यापाशी थांबायचे नाही, एवढे त्याला कळले होते.