खड्डा कुणी खणायचा

इंदापूर-बारामतीकडं आता दावणीचा म्हातारा बैल गेला की जेसीबीवाल्याला फोन जातो. बांधाच्या कडेला पुरुषभर खोल खड्डा, तळाला मिठाचं पोतं मोकळं, बैलाच्या अंगावर बेंदराची झूल, कपाळाला हळदकुंकू, वर नारळ. घर हौशी असेल तर दशक्रियेला कीर्तन आणि चौकात फोटोसकट श्रद्धांजलीचा फ्लेक्स. बघणाऱ्याला वाटतं, हे वाडवडलांपासून असंच चालत आलंय. तसं नाही. कुणब्यानं आपलं जनावर आपल्या हातानं आपल्या रानात पुरायचं, ही रीत सर्रास झाली ती अलीकडं.

त्याआधी जीव गेलेलं जनावर मालकाचं राहतच नसे. जित्रापावर लेकरासारखी माया करणारा माणूस त्याच्या मढ्याला हात लावत नसे, बाटायची भीती. ते ओढून न्यायचं काम बलुतेदारीनं महारांवर लादलेलं होतं, आणि त्याला वर ‘हक्क’ म्हणायची पद्धत होती. कातडं पुढं ते कमावणाऱ्या ढोर जातीच्या कारागिराकडं जाई, बाभळीच्या सालीत नि तरवडात कमावलं जाई, आणि मोट होऊन, वहाण होऊन गावातच परत येई. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, पण कालव्यापासून लांबच्या विहिरींवर मोटा पुढंही बरीच वर्षं चालल्या. म्हणजे जन्मभर मोट ओढलेला बैल मेल्यावर मोट होऊन त्याच विहिरीत उतरत असेल, आणि धन्याला त्यात काही वावगं वाटत नसेल. उरलेलं गिधाडं संपवत. खड्ड्याचा प्रश्नच नव्हता.

समाधी होती, पण राजाघरची. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवल्याची कथा आहे. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ चा, त्याला इंदूरच्या होळकरांची देणगी. त्याच्या खरेपणावरून अजून भांडणं होतात. सामान्य घरच्या कुत्र्याला तेव्हा ओढाच.

मढं ओढायच्या बलुत्याची घडी मोडली ती मायेनं नव्हे, नकारानं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं बजावलं. कातडं, शिंगं, हाडं यांचं उत्पन्न बुडेल, असा हिशेब सवर्णांनी मांडला, तेव्हा मग ते तुम्हीच घ्या, असं आंबेडकरांचं रोखठोक उत्तर होतं. गावोगाव यावरून बहिष्कार पडले. पुढं १९५८ च्या कायद्यानं महार वतनच गेलं. हाडकी-हाडोळा ही वतनी जमिनीची नावं रानांना चिकटून राहिली, कामाची सक्ती मात्र सुटली. मग धन्यालाच दोर लावावा लागला. माझ्या मते बैलाच्या दशक्रियेची खरी सुरुवात इथं आहे. हात लावावाच लागला, तेव्हा मायेला वाट मिळाली.

तरी पुष्कळ दिवस माळ मदतीला होता. कडबनवाडी, शिर्सुफळच्या मुरमाड माळावर नेऊन टाकलं की गिधाडं, तरस, लांडगे बघून घेत. नव्वदच्या दशकात गिधाडं दिसेनाशी झाली. कारण कळलं ते २००४ मध्ये: जनावरांना सूज-वेदनेवर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर माळ मोकळा झाला होता. टाकलेलं ढोर आठ-आठ दिवस कुजत पडू लागलं, त्यावर मोकाट कुत्री पोसली जाऊ लागली. आता पुरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

२०२२ च्या लम्पीनं त्यावर सरकारी शिक्का मारला. खोल खड्डा, चुना, पंचनामा. गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० रुपये भरपाई. चुन्याचं समजतं. मिठाचं कोडं मला सुटत नाही. मिठानं लवकर माती होते असं सगळे सांगतात. पण ढोर कारागीर तर कातडं कुजू नये म्हणूनच मीठ चोळत. जुनं मीठ नव्या खड्ड्यात कसं आलं कोण जाणे, पण पोतं चुकत नाही.

कुत्र्या-मांजरांची पंचाईत वेगळी. मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला त्यांच्यासाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली. इथं बारामतीत फ्लॅटमध्ये लॅब्राडोर गेला की सोसायटीच्या बागेत खणू देत नाहीत, मुरमात घरचं खोरं चालत नाही. मग मालक शेत असलेल्या मित्राला फोन करतो. मित्र नाही म्हणत नाही, फक्त आधीच सांगून ठेवतो: “उसात नको. बांधाला घे, अन् खोल घे, कुत्री उकरत्यात.”